वाचकांचे प्रश्न : स्वतःच्या मतांनी बंद झालेलं सभागृह

मागच्या अंकात विधिमंडळाच्या कामकाजावर लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं वरिष्ठ सभागृहाबद्दलची आहेत. विधानमंडळाच्या नोकरीत प्रतिवेदक म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली, सभापतींच्या आसनाखालच्या टेबलाशी बसून लघुलिपीत भाषणं उतरवण्यात. त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : मुलगी वेलिंग्टनला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा न्यूझीलंडचं संसद भवन पाहिलं. गाइडने एक मोठं दालन दाखवलं आणि म्हणाला, इथे वरचं सभागृह बसत असे, १९५० मध्ये सदस्यांनीच मतदान करून ते बंद केलं. आपल्याच खुर्चीविरुद्ध कोण मत देतं हो? हे खरं आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अगदी खरं आहे. फक्त एक गोष्ट गाइडने सांगितली नसावी. ज्यांच्या मतांनी सभागृह बुडालं, त्यांतले बरेच जण तेवढ्याच कामासाठी नेमलेले होते. तिकडच्या लोकांनी त्यांना नावच दिलं होतं, ‘आत्मघातकी पथक’.

पण हा प्रसंग एका वर्षात घडलेला नाही, म्हणून थोडं मागे जाते. १८५२ मध्ये ब्रिटिश संसदेने न्यूझीलंडसाठी राज्यघटनेचा कायदा केला आणि १८५४ मध्ये ऑकलंडला पहिली संसद भरली. खालचं प्रतिनिधीगृह लोकांनी निवडलेलं, वरचं लेजिस्लेटिव्ह कौन्सिल गव्हर्नरने नेमलेलं, आणि नेमणूक तहहयात. जमीनजुमला असलेली, वजनदार माणसं तिथे बसत. खालून आलेला कायदा घाईचा वाटला तर ते तो अडवत, आणि अडवण्याची त्यांची ताकद खरी होती, कारण त्यांना कोणी काढू शकत नव्हतं.

घसरण सुरू झाली ती १८९१ मध्ये. निवडणूक हरलेले पंतप्रधान हॅरी अ‍ॅटकिन्सन यांनी खुर्ची सोडण्याआधी आपली माणसं कौन्सिलात बसवून घेतली. नवे पंतप्रधान जॉन बॅलन्स यांनी उत्तरादाखल आपले बारा सदस्य मागितले. गव्हर्नर ऐकेनात. प्रकरण लंडनला गेलं आणि १८९२ मध्ये तिकडून निकाल आला, की गव्हर्नरने मंत्रिमंडळाचा सल्ला मानावा. लोकशाहीच्या दृष्टीने निकाल बरोबरच होता. पण त्या दिवसापासून वरच्या सभागृहात कोण बसणार हे सरकार ठरवू लागलं. त्याच सुमारास तहहयात नेमणूक जाऊन सात वर्षांची मुदत आली. ऐकायला हीसुद्धा सुधारणाच. पण सात वर्षांनी पुन्हा नेमणूक हवी असेल तर पंतप्रधानांची मर्जी सांभाळायला हवी, हे सदस्यांना कळायला वेळ लागला नाही.

तरी त्या कौन्सिलात एकदा असं मतदान झालं, की ते मला अजून थरारून सोडतं. साल १८९३, विषय स्त्रियांच्या मताधिकाराचा. आधीचे प्रयत्न कौन्सिलात अडकले होते. या वेळी देशभरच्या बायकांनी सह्या गोळा करून भलामोठा अर्ज संसदेपुढे ठेवला होता. बॅलन्स वारल्यावर पंतप्रधान झालेले रिचर्ड सेडन मनातून याच्या विरोधात होते. वरच्या सभागृहात विधेयक पडावं म्हणून त्यांनी आपल्या पक्षाच्या एका सदस्याला मत बदलायला लावलं. हे कळल्यावर विरोधी बाजूचे दोन सदस्य इतके संतापले, की त्यांनीही मतं फिरवली, पण विधेयकाच्या बाजूने. ८ सप्टेंबरला २० विरुद्ध १८ मतांनी ते संमत झालं. १९ सप्टेंबरला गव्हर्नरची सही झाली आणि संसदेच्या निवडणुकीत सर्व प्रौढ स्त्रियांना मत देणारा न्यूझीलंड जगातला पहिला स्वयंशासित देश ठरला. एका पंतप्रधानाने वरच्या सभागृहाला गृहीत धरलं आणि सभागृहाने ते धरू दिलं नाही, म्हणून हे घडलं. पण त्याच कौन्सिलात बसायची परवानगी बायकांना मिळाली १९४१ मध्ये. पहिल्या दोघी, मेरी ड्रीव्हर आणि मेरी अँडरसन, नेमल्या गेल्या १९४६ मध्ये. आणखी तिघी आल्या त्या १९५० मध्ये, सभागृह बंद करायला!

मधल्या काळात कौन्सिलाची रया गेली. सरकारं बदलत, नेमणुका होत, आणि खालून आलेलं जवळजवळ सगळं वर मंजूर होई. १९१४ मध्ये कौन्सिल निवडणुकीने भरण्याचा कायदाही झाला होता. महायुद्ध आलं, अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि तो कागदावरच राहिला. मला त्या कायद्याबद्दल फार हळहळ वाटते. ते सभागृह वाचण्याची तीच काय ती संधी होती.

१९४७ मध्ये नॅशनल पक्षाचे नेते सिडनी हॉलंड यांनी, विरोधी बाकावर असताना, कौन्सिल रद्द करण्याचं विधेयक मांडलं. लेबर पक्षाचे पंतप्रधान पीटर फ्रेझर यांच्या सरकारने दाखवून दिलं, की आपल्या संसदेला हा अधिकारच नाही, कारण कौन्सिल लंडनच्या कायद्याने जन्मलेलं आहे. तो अधिकार मिळवायचा तर १९३१ चा वेस्टमिन्स्टर कायदा, म्हणजे अशा देशांना स्वतःचे कायदे करण्याची मुभा देणारा ब्रिटिश संसदेचा कायदा, स्वीकारावा लागणार होता. न्यूझीलंडने तो तोवर स्वीकारलेलाच नव्हता! २५ नोव्हेंबर १९४७ ला तो स्वीकारला गेला. आपल्या स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने होऊन गेले होते. म्हणजे वरचं सभागृह ठेवायचं की नाही या भांडणातून त्या देशाला स्वतःचे कायदे करण्याची पूर्ण मुभा मिळाली.

१९४९ च्या अखेरीस हॉलंड निवडून आले. कौन्सिलात लेबरने नेमलेल्यांचं बहुमत होतं. हॉलंडनी १९५० मध्ये सुमारे पंचवीस नवे सदस्य नेमले, अट एकच : रद्द करण्याच्या बाजूने मत द्यायचं. अशी नेमणूक दगा देऊ शकते, हे शेजारी ऑस्ट्रेलियात दिसलेलं होतं. न्यू साउथ वेल्स या राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, जॅक लँग यांनी हाच डाव १९२५-२६ मध्ये टाकला, तर त्यांच्या पंचवीस जणांपैकी काहींनी ऐनवेळी पाठ फिरवली आणि विधेयक पडलं. क्वीन्सलंडमध्ये मात्र १९२२ मध्ये तो जमला होता. हॉलंड यांची माणसं शब्दाला जागली. १ डिसेंबर १९५० ला कौन्सिलाची शेवटची बैठक झाली आणि १ जानेवारी १९५१ पासून ते कायद्यानेच उरलं नाही. तुम्ही पाहिलेल्या दालनात आजही संसदेच्या उद्घाटनाचं भाषण होतं. प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांना त्यासाठी तिथे बोलावलं जातं.

प्रश्न : म्हणजे एक सभागृह गेलं आणि देशाचं काही बिघडलं नाही. न्यूझीलंड आज उत्तम कारभाराचं उदाहरण मानलं जातं. मग दुसऱ्या सभागृहाचा खर्च करायचाच कशाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बिघडलं नाही असं म्हणवत नाही. उशिरा सावरलं, असं म्हणेन.

कौन्सिल रद्द करताना हॉलंड यांनी पर्यायाचा विचार करू असं सांगितलं होतं. रोनाल्ड अ‍ॅल्गी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. लेबरने तिच्यात भाग घेतला नाही. समितीने १९५२ मध्ये ३२ सदस्यांच्या सिनेटची शिफारस केली, अहवाल आला, आणि पुढे काही झालं नाही. एका सभागृहात ज्याचं बहुमत आहे त्याला दुसरं सभागृह उभं करायची घाई कधीच नसते. हे आधीच ओळखायला हवं होतं. आधी पाडू, मग बांधू, या शब्दावर विसंबून कोणीही पाडायला मत देऊ नये.

मग तिथे काय उरलं ते पाहा. लिखित, एकसंध राज्यघटना नाही. संघराज्य नाही. एकच सभागृह. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, म्हणून निम्म्याहून कमी मतांवरही एका पक्षाला पूर्ण सत्ता. लोकांच्या हातात लगाम होता तो दर तीन वर्षांच्या निवडणुकीचा. आमची विद्यापीठातली पुस्तकं ‘अंकुश आणि संतुलन’ म्हणून जे शिकवत, त्यातला अंकुश जवळपास नाहीसा. सकाळी मांडलेला कायदा तातडी लावून लगोलग संमत करणं तिथे सहज शक्य होतं. जेफ्री पामर हे घटनेचे प्राध्यापक, पुढे पंतप्रधानही झाले. त्यांनी आपल्या देशाच्या या वेगावर सतत टीका केली.

सावरलं कसं, तर तुकड्यातुकड्यांनी. १९५६ मध्ये निवडणूक कायद्यातली काही कलमं अशी पक्की केली, की ती बदलायला ७५ टक्के सदस्यांची संमती किंवा सार्वमत लागावं. संसदेची मुदत आणि मतदानाचं वय त्यांत आलं. १९९० मध्ये हक्कांचा कायदा आला. नव्वदीत सिनेटची कल्पना पुन्हा डोकावून गेली, पण लोकांनी वेगळा रस्ता धरला. १९९३ च्या सार्वमतात सुमारे ५४ टक्क्यांनी मतदानपद्धतच बदलली. पक्षाला देशभर जेवढी मतं, साधारण त्या प्रमाणात जागा. १९९६ च्या निवडणुकीपासून एकट्या पक्षाला बहुमत मिळणं दुर्मिळ झालं आणि दुसऱ्याला विचारल्याशिवाय कायदा करणं अवघड झालं. वरच्या सभागृहाने जे करायचं, ते काम थोडंफार या पद्धतीने केलं.

आणि मला सर्वांत आवडते ती त्यांची प्रवर समितीची रीत. बहुतेक विधेयकं पहिल्या वाचनानंतर समितीकडे जातात, साधारण सहा महिन्यांसाठी. समिती जाहीर निवेदनं मागवते. कोणताही माणूस, अगदी एखादा दुकानदार किंवा विद्यार्थी, आपलं म्हणणं लिहून पाठवू शकतो आणि समितीपुढे तोंडी मांडण्याची विनंती करू शकतो. सांगलीच्या वाचकांच्या मुलीलाही हे दार उघडं आहे. आपल्याकडे विधेयकांची प्रवर समिती ही अपवादाची गोष्ट आहे. एका सभागृहाचा हिशेब मांडताना न्यूझीलंडचं हे चित्र सोबत ठेवायला हवं. १९५० ते १९९६ ही मधली वर्षं हिशेबातून गाळून चालणार नाहीत.

खर्चाचं विचाराल तर मला तो मुद्दा गौण वाटतो. घाईत केलेला एक चुकीचा कायदा किती महाग पडतो, हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना विचारा.

प्रश्न : आपली विधान परिषद म्हणजे निवडणुकीत पडलेल्यांचं पुनर्वसन केंद्र झालं आहे. ती बंद करता येईल का? आणि तुम्ही तिथलं मीठ खाल्लंय म्हणून बाजू घेऊ नका, सरळ सांगा.
— एक वाचक, लातूर

उत्तर : सरळ सांगते. बंद करता येते, आणि न्यूझीलंडपेक्षा सोपं आहे. घटनेच्या कलम १६९ प्रमाणे विधानसभेने एकूण सदस्यांच्या बहुमताने आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांशांनी ठराव करायचा, मग संसद साधा कायदा करू शकते. विधान परिषदेला विचारण्याची गरजच नाही, त्यामुळे आत्मघातकी पथकही लागत नाही. पश्चिम बंगालची परिषद १९६९ मध्ये अशीच गेली, पंजाबचीही त्याच सुमारास. एन. टी. रामाराव यांनी १९८५ मध्ये आंध्रची घालवली, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८६ मध्ये तामिळनाडूची.

आंध्रची पुढची गोष्ट बोलकी आहे. २००७ मध्ये परिषद परत आली. जानेवारी २०२० मध्ये तीन राजधान्यांची विधेयकं परिषदेने प्रवर समितीकडे पाठवली, आणि लगेच त्याच महिन्यात विधानसभेने परिषद रद्द करण्याचा ठराव केला. तोवर परिषदेत विरोधकांचं बहुमत होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ठराव मागे घेतला, कारण दरम्यान परिषदेत सत्ताधाऱ्यांची संख्या वाढली होती. अडवलं की रद्द करा, आपलं झालं की राहू द्या. परिषद हवी की नको, याचा विचार त्यात कुठे आला?

आता आपल्याकडचं. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ जागा : ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपाल नेमतात. अडवण्याची ताकद बेताचीच. साधं विधेयक परिषद पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना रोखू शकते, पुढे विधानसभेचं म्हणणं चालतं. धन विधेयकाला तर चौदाच दिवस.

पण मी तिथे जे पाहिलं ते सांगितलंच पाहिजे. प्रतिवेदकांची पाळी काही मिनिटांची असते. दुसरा येऊन शेजारी बसला, की आपण वही उचलून बाहेर जायचं आणि उतरवलेलं टंकलिखित करायला लागायचं. म्हणून भाषणाचं आधलं-मधलं आपल्याला ठाऊक नसतं, आपला तुकडा मात्र पक्का लक्षात राहतो. अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात विधानसभेतून विधेयकांचा गठ्ठा येई. अशाच एका संध्याकाळी माझ्या पाळीत शिक्षक मतदारसंघातले एक सदस्य उभे राहिले. सभागृहात जेमतेम माणसं. त्यांनी अनुसूची उघडली आणि दोन रकाने मोठ्याने वाचून दाखवले. मूळ कायद्यातली पदांची संख्या आणि विधेयकातली संख्या जुळत नव्हती. मंत्री उत्तराला उठले, थांबले, अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथून चिठ्ठी आली. चिठ्ठी वाचून मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांचं बरोबर आहे. दुरुस्ती झाली, विधेयक पुन्हा विधानसभेकडे गेलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याची ओळसुद्धा नव्हती. पण त्या पदांवर ज्यांची नोकरी होती, त्यांच्या घरात ती संध्याकाळ मोलाची होती.

याच परिषदेचे सभापती वि. स. पागे हे रोजगार हमी योजनेचे जनक. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये प्रयोग झाला, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. देशाचा २००५ चा कायदा त्याच वाटेने आला. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच सभागृहात नियुक्त सदस्य होते, आणि महानोरांनी तिथे शेती आणि पाण्यावर जे मांडलं ते शेतात उभं राहिलेल्या माणसाचं होतं.

पुनर्वसनाची तुमची तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. साहित्य, शास्त्र, कला, सहकारी चळवळ, समाजसेवा यांतल्या जाणत्यांसाठी घटनेने राखलेल्या बारा जागा राजकीय सोयीने भरल्या जातात. भरल्या जातात तरी म्हणावं का? नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेली यादी राज्यपालांकडे पडून राहिली आणि जागा कित्येक वर्षं रिकाम्या होत्या. पालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडल्या, तसे स्थानिक संस्थांचे मतदारसंघही ओस पडले. न्यूझीलंडचं कौन्सिल असंच संपलं. १९५० चं मतदान हा नुसता शेवट होता. कौन्सिल पोकळ झालं ते आधीच्या पन्नास-साठ वर्षांतल्या नेमणुकांनी. म्हणून माझं म्हणणं असं : परिषद ठेवा, आणि तिथे कोण जातंय यावर विधानसभेच्या तिकिटांइतकंच भांडा. पदवीधर असाल तर मतदार यादीत नाव नोंदवा. या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुनं नाव पुढे चालत नाही, हे कितीतरी सुशिक्षितांना माहीत नसतं.

प्रश्न : राज्यसभाही अशीच रद्द करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नाही. कलम १६९ फक्त राज्यांच्या परिषदांसाठी आहे. कलम ७९ प्रमाणे राष्ट्रपती आणि दोन सभागृहं मिळून संसद होते. ते बदलायचं तर घटनादुरुस्ती लागेल, आणि ती राज्यसभेतही दोन तृतीयांशांनी संमत व्हायला हवी. शिवाय राज्यसभा हे राज्यांचं सभागृह आहे. न्यूझीलंडला राज्यं नाहीत, आपल्याला आहेत. संघराज्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग मानला गेला आहे, त्यामुळे अशी दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाच्या कसोटीलाही उतरावी लागेल. परीक्षेत हे तिन्ही मुद्दे लिही.

प्रश्न : एकच सभागृह असेल आणि दोन्ही बाजूंना समान मतं पडली तर?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : अध्यक्षांचं निर्णायक मत ही आपली रीत. स्वीडनमध्ये वेगळंच झालं. १९७१ पासून तिथे दोन सभागृहांच्या जागी ३५० सदस्यांचं एकच सभागृह आलं. १९७३ च्या निवडणुकीत डावे आणि उजवे बरोबर १७५-१७५ झाले. समान मतं पडली की चिठ्ठी काढून निर्णय करायचा असा नियम होता, आणि पुढच्या तीन वर्षांत कित्येक प्रश्न खरोखरच चिठ्ठीने सुटले. देशाचा कायदा नशिबावर सोडणं कोणालाच पटलं नाही, म्हणून पुढच्या, १९७६ च्या निवडणुकीपासून एक जागा कमी करून ती ३४९ केली.